मुकादमांची पाठ

कुठलीही जागा दाखवली की मुकादम आधी वहाणा काढायचे, मग पागोटं सोडायचे, त्याची घडी करून उशाला घ्यायचे आणि भर दुपारी त्या जागेवर सरळ उताणे पडायचे. कुणी काही विचारलंच, तर डोळे मिटलेलेच ठेवून म्हणायचे, "थांबा जरा. पाठीला इचारू द्या."

थोड्या वेळानं घोरणं ऐकू यायचं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. हातातला नारळ नुसता हलवून आतलं पाणी सांगणारी, बैल चार पावलं चालला की त्याचं वय सांगणारी. अशा माणसाला कसं कळतं ते विचारू नये. मी विचारलं होतं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, पुण्याहून ओव्हरसियरची परीक्षा पास होऊन आलो होतो, आणि मला सगळं विचारायची सवय होती. खरं बोलायची मात्र तेवढी नव्हती, हे या लिखाणात पुढे येईलच.

लढाईची वर्षं होती. सिमेंट डोळ्यांना दिसत नव्हतं, रॉकेल कार्डावर मिळत होतं, आणि आमच्या खात्याला नेमका अशा वेळी जामखेडच्या पलीकडे, अगदी मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या मुलखाच्या, हद्दीला चिकटलेल्या एका जुन्या गावात दवाखाना बांधायचा होता. गावाचं नाव सांगत नाही. किल्ला आहे, पडक्या वेशी आहेत, एकेकाळी तिथं मोठमोठ्या पेढ्या होत्या असं लोक सांगतात. माझ्या वेळी त्या पेढ्यांच्या जोत्यांवर शेळ्या बसलेल्या असत. खात्याचं पत्र आलं: पायाच्या खोदकामासाठी स्थानिक ठेकेदार शोधून त्यांची नावं कळवावीत. ठेकेदार जिल्ह्याचा रहिवासी असावा.

मी चावडीवर जाऊन बसलो. पहिला ठेकेदार आला तो लग्नातला मांडव, बैलांची नालबंदी आणि खोदकाम असं तिन्ही करणारा होता. "पाया किती खोल घ्याल?" असं विचारल्यावर म्हणाला, "तुमी म्हनाल तिथपतूर." दुसऱ्यानं स्वतःची पहार कधीच पाहिली नव्हती, ती त्याच्या मेव्हण्याकडे होती. चावडीवरचे म्हातारे हे सगळं मजेत पाहत होते. शेवटी त्यांतला एक म्हणाला, "सायेब, ही नाटकं कशाला? मुकादमाकडं जावा. ह्या गावात जमिनीखालचं त्याला इचारत्यात. वरचं मातुर त्याला कायबी कळत न्हाई."

मुकादमांचं घर गावाच्या पूर्व टोकाला, ओढ्याच्या काठावर होतं. दोन सरकारांची हद्द त्यांच्या अंगणातून गेली होती. हद्दीचा दगड न्हाणीजवळ उभा होता आणि मुकादमीणबाई त्यावर सुपात सांडगे वाळत घालत. ओटा इंग्रजी मुलखात आणि चूल मोगलाईत. करोडगिरीच्या नाक्यावरच्या नव्या शिपायानं म्हणे एकदा त्यांना चुलीवरून ओट्यावर तुपाची वाटी आणताना हटकलं होतं. बाईंनी ती वाटी तिथंच तोंडाला लावली आणि रिकामी त्याच्या हातात दिली. "घ्या, आता जकात लावा," म्हणाल्या. पुढे तो शिपाई त्या बाजूला फिरकला नाही.

मी फॉर्म काढून विचारलं, "राहण्याचं ठिकाण काय लिहू?"

मुकादम विचारात पडले. साठीच्या आसपासचा, काळा, रुंद, बुटका माणूस. पाय इतके भेगाळलेले की त्यांत मुरमाचे खडे अडकून बसत. म्हणाले, "बसाया इंग्रजीत हाय. जेवाया मोगलाईत. झोपतो ते इचारू नका, डोकं हिकडं आन पाय तिकडं."

"मग तुम्ही कुणाची रयत?"

आतून बाईंचा आवाज आला, "माजी म्हनून लिवा."

मी "बसण्याचं ठिकाण" तेच राहण्याचं असं धरलं आणि पुढे गेलो. हा एवढा एक खोटेपणा मी खात्याच्या भल्यासाठी केला. त्याबद्दल मला काही वाटत नाही.

दवाखान्याची जागा वेशीजवळ होती. मी नकाशाप्रमाणे चुन्याच्या फक्कीनं आखणी केली. मुकादम आले, सगळी आखणी पायांनी फिरून पाहिली, कौतुकानं मान हलवली. "रांगोळी झ्याक काढलीया," म्हणाले, आणि तिच्या मधोमध आडवे झाले.

पहिल्या दिवशी मला वाटलं, थकले असतील. दुसऱ्या दिवशी ते पश्चिमेच्या बाजूला झोपले. तिसऱ्या दिवशी दक्षिणेला. एका रविवारी तर त्यांनी रस्त्यानं जाणारी कडब्याची गाडी थांबवली, गाडीवानाला ती आखणीच्या कडेकडेनं दोनदा फिरवायला लावली आणि स्वतः ईशान्येच्या कोपऱ्यात पडून राहिले. गाडीवान निमूट फिरला. गावात कुणाला यात काही विशेष वाटत नसे. मलाच एकट्याला लाज वाटत होती, कारण मस्टरवर त्यांची हजेरी मी लावत होतो आणि हजेरीच्या कामाच्या रकान्यात "झोपले" असं लिहायची सोय नव्हती.

"मुकादम, हे चाललंय काय?"

"कच्च्या जागंवर ऊन लवकर चढतं, सायेब, आन लवकर उतरतं. खाली पोकळ आसंल तर गाडी गेल्यावरबी पाठीला बारीक कापरं भरतं. मुरूम आसंल तर गप."

"पण तुम्ही तर घोरत होता."

"घोरतंय ते तोंड. पाठ जागी आसती."

मग उठून बसले, पाठीची माती झटकली आणि त्या ईशान्येच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "ह्यो कोपरा सोडा. हितं पेव हाय."

पेव म्हणजे धान्याचं भुयार. मुरमात खोदलेलं, वर चिंचोळं तोंड आणि खाली रांजणासारखं पोट. जुने सावकार ज्वारी त्यात भरून वरून दगड आणि माती लावून टाकत. मालक मेले, वंश बुडाले, पेवं तशीच राहिली. अशा गावात पाया खोदायचा म्हणजे दुसऱ्याच्या विसरलेल्या कोठारावर घर बांधण्यासारखं असतं.

माझ्या नकाशात त्या कोपऱ्यातला परीक्षेचा खड्डा कुठे घ्यायचा ते लाल शाईनं दाखवलं होतं. मी तो तिथं घेतला. चार फुटांवर पक्का मुरूम लागला. मी विजयानं मुकादमांकडे पाहिलं.

ते खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले होते. म्हणाले, "दोन हात अलीकडं घ्या."

"नकाशात इथंच आहे."

"नकाशा कुटं झोपला हुता हितं?"

मजुरांतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्या हसण्यानं घोटाळा केला. नाही तर कदाचित मी खड्डा दोन हात अलीकडे घेतला असता. आणखी एक कारण होतं. नगरहून मोठे साहेब कोनशिला बसवायला येणार होते, त्यांचा दिवस ठरला होता, संगमरवरावर नाव कोरून आलं होतं आणि कोनशिला ईशान्येलाच बसायची होती. अलीकडे खरंच पेव निघालं तर कोपरा हलवायचा, म्हणजे नकाशा परत पाठवायचा. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती.

मी म्हणालो, "मी सांगतो, खोदा."

मुकादम जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही, नवशिक्या सुतारानं रंधा उलटा धरला तर म्हातारा सुतार बघेल तसे. "तुमी सांगता तर घेतो," म्हणाले. "पर ध्यानात ठिवा, माजी पाठ न्हाई म्हनतीया."

आणि त्यांनी तो कोपरा खोदला. अगदी साफ, काटकोनात, भिंती तासून. न पटलेलं काम माणसं रागानं वाईट करतात. यांनी ते सगळ्यांत नेटकं केलं.

साहेबांचा दिवस उजाडला. वेशीला आंब्याचे डहाळे, सनई, ताशा, शाळेची मुलं, सगळं जिथल्या तिथं. कोनशिला दोरानं खाली सोडून चुन्यात बसवली. साहेबांनी थापीनं चुना सारखा केला, नारळ फोडला, त्याची भकलं दगडावर ठेवली, दोन पावलं मागे सरले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हा कोनशिला जरा वाकली. साहेबांना मुजरा करावा तशी. मग तिनं डावीकडे कूस बदलली, चुना घेऊन, नारळ घेऊन, थापी घेऊन अगदी सावकाश खाली गेली, आणि बऱ्याच वेळानं खालून एक दबका आवाज आला. तिच्या जागी एक काळं गोल भोक राहिलं. त्यातून कुबट, आंबूस वास वर आला, शंभर वर्षं कोंडलेल्या ज्वारीचा.

सनईवाल्याला कुणी थांब म्हणालं नव्हतं, म्हणून तो वाजवत राहिला.

साहेब भोकाकडे पाहत होते, मी साहेबांकडे, आणि सगळं गाव मुकादमांकडे. मुकादम गर्दीच्या मागे उभे होते. दुसरा कुणी असता तर "मी म्हणालो नव्हतो का?" हे वाक्य त्याच्या जिभेवर नाचलं असतं. ते पुढे आले, सगळ्यांना मागे सारलं आणि आधी एक कंदील पेटवून दोरीनं आत सोडला. कंदील विझला. "आत वारं मेलंय. दम धरा," म्हणाले. भोक मोठं करवलं, लिंबाच्या डहाळ्यांनी वारा घालायला लावला आणि पुन्हा कंदील सोडला. तीनदा विझला, चौथ्यांदा तग धरून राहिला. मग कमरेला दोर बांधून खाली उतरले. साहेबांची खुर्ची तोवर सावलीत नेली होती, पण ते बसले नव्हते.

आतून मुकादमांचा आवाज आला, घुमत, "सायेब, तुमचं नाव उतानं पडलंय. काय लागलं न्हाई त्याला."

शाळेची मुलं हसली. मास्तरांनी त्यांना चापट्या मारल्या आणि मग स्वतः पाठ फिरवून खांदे हलवत राहिले. बैलजोडी लावून कोनशिला वर काढली. थापीही आली. नारळ मात्र मुकादमांनी खालीच ठेवला. "ज्याचं पेव त्याला," म्हणाले.

इथपर्यंतची गोष्ट मी आजवर अनेकदा सांगितली आहे. बदलीच्या गावी, लग्नाच्या पंगतीत, आगगाडीत. लोक पोट धरून हसतात. याच्या पुढचं कधी सांगितलं नाही.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "ही जमीन कुणी पाहिली?"

"मुकादमांनी," मी म्हणालो.

यात खोटं काहीच नव्हतं.

"आणि पक्की म्हणून सांगितली?"

मी गप्प राहिलो. साहेबांनी त्या गप्प राहण्याचा अर्थ हो असा घेतला. मी तो घेऊ दिला. "त्याची लेखी जबानी घेऊन पाठवा," म्हणाले, आणि मोटारीत बसले.

त्या दुपारी चावडीवर मी स्वतःच्या हातानं जबानी लिहिली: "सदर जागा मी पाहून ती पक्की असल्याचे ओव्हरसियरसाहेबांस सांगितले, व त्यांनी माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवून काम करविले." अक्षर माझं चांगलं आहे. मग मुकादमांना बोलावलं. ते अंघोळ करून आले होते, पण कानांच्या पाळ्यांवर अजून पेवातली काळी धूळ होती. मी कागद समोर धरला आणि वाचून दाखवला. वाचताना म्हणालो, "सदर जागा मी पाहून ती पोकळ असल्याचे साहेबांस सांगितले."

मुकादमांनी लक्ष देऊन ऐकलं. आपलं बोलणं कागदावर गेलंय, याचं त्यांना नवल वाटत होतं. म्हणाले, "त्ये 'दोन हात अलीकडं'बी लिवलंया न्हवं?"

"लिहिलंय."

"मग झालं." आणि त्यांनी अंगठा पुढे केला. तो इतका घट्टे पडलेला होता की शाई धरेना. मी त्यांचा अंगठा माझ्या हातात घेऊन दाबला तेव्हा कुठे ठसा उठला.

माझी नोकरी कायम झाली. दवाखान्याचं काम दुसऱ्याकडे गेलं, नकाशा बदलून आला, कोपरा दोन हात अलीकडे नाही तर चांगला दहा हात सरकला. पुढं मला श्रीगोंद्याकडे कालव्याच्या कामावर पाठवलं. तिथं साखर कारखान्यासाठी ऊस वाढत होता, दिवसभर धावपळ असे, आणि धावपळीत माणूस स्वतःशी फार बोलत नाही. मुकादमांचं नाव सरकारी कामाला नालायक ठरलेल्यांच्या यादीत गेल्याचं मला तिथंच कळलं. मी ते वाचलं आणि कागद पुढच्या टेबलावर सरकवला.

नंतर मोगलाई गेली. वर्षभरानं त्या गावातून पलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक मोरी बांधायची निघाली आणि मला पुन्हा तिथंच पाठवलं. पत्र तेच: पायाच्या खोदकामासाठी स्थानिक ठेकेदार शोधावेत. मी माफी मागायला गेलो असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. मी खोदकामाला माणूस शोधायला गेलो होतो, आणि त्या गावात जमिनीखालचं विचारायला जागा एकच होती.

ओट्यावर मुकादमीणबाई ज्वारी पाखडत बसल्या होत्या. कपाळ मोकळं होतं. ते पाहून मी तिथंच थांबलो.

"माघात गेले," त्या म्हणाल्या. "या, बसा. तुमी ते रांगोळीवालं सायेब न्हवं?"

मी बसलो. विचारलं, "शेवटपर्यंत कामावर होते का?"

"कशाचं काम." त्यांनी सूप खाली ठेवलं. "तुमी गेल्यावर तालुक्याला हिरीचं काम निघालं. हे गेले. तिथल्या मानसानं कागूद काडला, म्हनला, तुजा आंगठा हाय, तूच पक्की जागा म्हनून सांगितलीस आन सरकारला खड्ड्यात घातलंस. हे घरी आले ते गप. दोन दिस जेवले न्हाईत."

"मग?"

"मग काय. म्हनायचे, आंगठा तर माजाच हाय. सायबानं वाचूनबी दाकीवलं हुतं. म्हंजी म्यां तसंच म्हनलो आसंन, मलाच याद न्हाई. तवापासनं कुनाच्या जागंवर पडले न्हाईत. कुनी बोलीवलं तर तुमच्यावानी चार कोपऱ्यांला चार खड्डं घ्यायचे. लोकं हसायची. गडी दुसऱ्या मुकादमाकडं गेले. आवं, घरातसुदिक बाजंवर झोपाया लागले. म्हनायचे, माजी पाठ खोटं बोलाया लागली."

मी आयुष्यात बरेच पाये पाहिले आहेत. इतकं खोल खोदलेलं दुसरं काही पाहिलं नाही.

"बाई," मी म्हणालो, "त्यांनी पोकळ म्हणूनच सांगितलं होतं. दोन हात अलीकडं घ्या म्हणाले होते. मीच ऐकलं नाही."

 बाई उठल्या, ओट्याच्या कडेला गेल्या आणि गल्लीत हाक घातली. एकेक जण आलं. मुकादमांच्या टोळीतले दोन म्हातारे गडी, समोरची सासूसून, विडी ओढत आलेला चावडीवरचा एक जुना सोबती. बाईंनी सगळ्यांना बसवलं आणि मला म्हणाल्या, "आता परत सांगा. मोठ्यानं."

मी उभा राहून सांगितलं. पोकळ म्हणाले होते. पेव आहे म्हणाले होते. दोन हात अलीकडे म्हणाले होते.

"बगा," बाई म्हणाल्या. "म्हंजी पाठ बराबर हुती."

म्हाताऱ्या गड्यांनी माना हलवल्या. एकानं डोळे पुसले आणि धूर गेल्यासारखं केलं. मग चावडीवरच्या सोबत्यानं विडी तोंडातून काढून विचारलं, "पर सायेब, मंग कागदावर त्ये पक्की कसं आलं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मुकादमीणबाईही. खरं सांगायला याहून चांगली जागा आणि याहून चांगली माणसं मिळणार नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं.

"कारकुनाची चूक," मी म्हणालो.

माझ्या हाताखाली त्या गावात कारकून नव्हता. कधीच नव्हता.

"तरीच," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा मोकळा झाला. त्या आत गेल्या, चूल पेटवली, थालीपीठ लावलं, वर लोण्याचा गोळा ठेवून ताटली माझ्यासमोर आणली आणि पदर खोचून त्या कारकुनाला शिव्या द्यायला बसल्या. त्याचे हात झडोत, त्याची दौत सांडो, त्याच्या पोटी जे होईल ते त्याच्यासारखं होवो. गल्लीतल्या बायकांनीही भर घातली. दोन्ही सरकारांच्या मुलखातल्या शिव्या होत्या, मी त्यांतल्या निम्म्या पहिल्यांदाच ऐकत होतो.

मधेच थांबून त्या म्हणाल्या, "तुमी खावा सायेब, गार व्हईल. तुमाला न्हाई बोलत."

मी मान डोलावली आणि खात राहिलो.